टँकची जुनी मॅन्युअलं जमवताना: काय घ्यावं, कसं जपावं आणि त्यात सक्तीच्या भरतीची फौज कशी ओळखावी

संग्रह सुरू करायचा असेल तर आधी एक टँक धरा. 'टँकची मॅन्युअलं गोळा करतो' एवढंच ठरवून जो निघतो, त्याच्या घरी वर्ष-दोन वर्षांत रद्दीचा ढीग होतो आणि दिवाळीच्या साफसफाईत घरचे तो बाहेर काढतात. एक टँक धरला, नाहीतर एक लढाई धरली, की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

मी ईएमईत, म्हणजे फौजेची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. आधी विजयंता टँक, मग टी-५५, शेवटची वर्षं टी-७२. पेन्शन आल्यापासून आर्वी तालुक्यात गावीच आहे. थोडी कापूस-तुरीची शेती आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड. मॅन्युअल वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, त्यामुळं नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नाही. इथं जे सांगतो आहे ते ज्यांचा हात आखडता आहे, घर कवेलूचं किंवा टिनाचं आहे आणि मोठं शहर दोन-तीन तासांवर आहे, अशा माणसासाठी.

लढाई धरायची म्हणजे काय, तर असं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला जी लढाई झाली, तीत आपल्या बाजूनं ३ कॅव्हलरी ही रेजिमेंट सेंचुरियन टँक घेऊन होती, डेक्कन हॉर्स शर्मन घेऊन आणि ८ कॅव्हलरी एएमएक्स-१३ घेऊन. समोर पाकिस्तानचे पॅटन टँक. या एका लढाईसाठी तुम्हाला ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन अशी चार टँकची मॅन्युअलं लागतात. ती चारही ज्या काळात छापली गेली, त्या काळात त्या तिन्ही देशांत सक्तीची लष्करभरती होती. पण असल उत्तरच्या उसाच्या शेतांत ते टँक लढवले ते स्वखुशीनं भरती झालेल्या माणसांनी, आपल्या बाजूनंही आणि पलीकडूनही. पुढं रशियन टी-५५ आणि टी-७२ आले, तेही सक्तीच्याच फौजेसाठी बनवलेले. माझ्यासारखी खेड्यातली पोरं आयुष्यभर दुसऱ्या देशातल्या सक्तीच्या पोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांवर शिकली. ती पोरं कोण होती, हे मला या संग्रहातून कळत गेलं. मॅन्युअल जमवायचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच.

आधी काय घ्यायचं नाही

हा भाग वगळून पुढं जाऊ नका. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आजही लागू आहे. भारतात छापलेलं, 'प्रतिबंधित' किंवा 'गोपनीय' असा शिक्का असलेलं लष्करी पुस्तक घरात ठेवू नका, विकत घेऊ नका, मोबाइलवर त्याचा फोटो काढू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. टी-७२ आजही आपल्या फौजेत आहे, म्हणून आपल्याकडं छापलेली त्याची पुस्तकं हा विषयच सोडून द्या. टँक सेवेतून गेला म्हणून पुस्तकावरचा शिक्का आपोआप उतरत नाही. रद्दीत असं काही हाती लागलं, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दाखवा, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.

आपल्या विदर्भात हा धोका इतरांपेक्षा जास्त, कारण पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती, जवाहरनगर, अंबाझरीच्या फॅक्टऱ्या, कामठीची छावणी हे सगळं आपल्या आजूबाजूला आहे. प्रत्येक गावात कुणाचा तरी जावई, कुणाचा तरी मेव्हणा तिथं कामाला असतो. त्यांच्याकडं गमतीनंही कागद मागू नका. आपल्या छंदापायी त्याची नोकरी आणि घर दोन्ही जाऊ शकतं.

मग उरतं काय? भरपूर उरतं. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन आणि ब्रिटिश मॅन्युअलं, साठ-सत्तरच्या दशकातली परदेशी छपाई, सोव्हिएत संघ मोडल्यावर खुल्या बाजारात आलेली रशियन पुस्तकं, पूर्व जर्मनीची, फिनलंडची, स्वीडनची. शिवाय इंग्रजांच्या काळातली रोमन उर्दूतली शिकवणीची पुस्तकं. हिंदी फौजेच्या शिपायाला शिकवण्यासाठी इंग्रज सरकारनं उर्दू रोमन लिपीत छापली होती. ज्याच्या आजोबांनी बर्मा किंवा आफ्रिका पाहिली, त्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असं एखादं पातळ पुस्तक निघू शकतं.

कुठं शोधायचं

सुरुवात फुकटात होते. अमेरिकन सरकारी प्रकाशनांवर त्यांच्या देशात स्वामित्वहक्क नसतो, म्हणून इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या शेकडो जुन्या मॅन्युअलांचे स्कॅन सरळ मिळतात. ब्रिटिश सरकारी प्रकाशनांचा हक्क छापल्यापासून ५० वर्षांनी संपतो. आधी स्कॅन उतरवा, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी छापून घ्या, शिवून घ्या आणि वाचा. वाचून गोडी लागली तरच मूळ प्रतीवर पैसा घाला. न वाचता नुसतं कपाटात ठेवणाऱ्यानं दुसरा छंद पाहावा, असं माझं सरळ मत आहे.

मूळ प्रतीसाठी पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत फोर्टातला फूटपाथ. दिल्लीला जाणं झालं तर रविवारचा पुस्तकबाजार, जो आधी दरियागंजला भरायचा आणि आता महिला हाटमध्ये भरतो. नागपुरात सीताबर्डीकडं जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना आपला फोन नंबर देऊन ठेवा आणि 'मोटारीचं, इंजिनाचं, आकृत्या असलेलं काहीही जुनं इंग्रजी पुस्तक आलं तर कळवा' एवढंच सांगा. 'टँक' म्हटलं की भाव वाढतो.

सगळ्यात चांगली जागा मात्र माणसं. कामठीला कॅन्टीनच्या रांगेत उभे असलेले जुने लोक, माजी सैनिकांचे मेळावे, विजय दिवसाचे कार्यक्रम. कुणाच्या घरी जुनं काही आहे असं कळलं तर पहिल्याच भेटीत पैशाचं बोलू नका. चहा घ्या, त्यांची रेजिमेंट कोणती ते विचारा, त्यांना बोलू द्या. मग विचारा की एकदा पाहू का. मूळ पुस्तक त्यांच्या घरीच राहू द्या, तुम्ही पानांचे फोटो काढून प्रत करा. त्यांच्या मुलांना नको असेल तर ते पुढं स्वतःहून फोन करतात. फोटो काढण्याआधी शिक्क्याचं पान तपासा, हे पुन्हा सांगतो.

परदेशातून मागवायचं तर कापूस विकला गेल्यावर, दिवाळी ते होळीच्या दरम्यान मागवा. जून ते सप्टेंबर मागवू नका. एसटीतून, पोस्टाच्या थैल्यांतून, ओल्या ओट्यावरून ते पार्सल येतं. विकणाऱ्याला आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळायला सांगा आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावायला सांगा.

असली की नक्कल

जुन्या मॅन्युअलांच्या हुबेहूब नकला बाजारात खूप आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मूळ प्रतीच्या भावात नक्कल घेऊ नका. पान उलटं करून मागच्या बाजूनं बोट फिरवा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब मागून हाताला लागतो. नकलेचा कागद सपाट असतो. पुस्तकातले फोटो डोळ्याजवळ धरून पाहा. नकलेत काळा रंग बुजलेला असतो, बारीक रेषा तुटलेल्या असतात. पिना पाहा. साठ-सत्तर वर्षं जुन्या पुस्तकाची पिन गंजलेली असणार आणि गंजाचा डाग शेजारच्या दोन-तीन पानांत उतरलेला असणार.

मग कव्हर वाचा. ब्रिटिश पुस्तकावर 'वॉर ऑफिस' असेल तर ते १९६४ च्या आधीचं, कारण त्या वर्षी ते खातं संरक्षण मंत्रालयात मिसळलं. अमेरिकन पुस्तकावर 'वॉर डिपार्टमेंट' असेल तर १९४७ पर्यंतचं. अमेरिकन क्रमांक वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. टीएम म्हणजे यंत्राचं पुस्तक, एफएम म्हणजे लढण्याच्या पद्धतीचं. टीएमनंतर ९ आला की ऑर्डनन्सचं, म्हणजे शस्त्रं-वाहनांच्या खात्याचं, ११ आला की सिग्नलचं. टीएम ९-७५९ हे शर्मनच्या एम४ए३ प्रकाराचं. युद्धानंतरच्या काळात ९ च्या पुढं २३५० दिसलं की साखळीवर चालणारं लढाऊ वाहन समजा. शेवटी १० असेल तर ते चालवणाऱ्यासाठी, २० असेल तर युनिटच्या मिस्त्रीसाठी, आणि पी असेल तर सुट्या भागांची यादी. नवशिका माणूस यादीच्या पुस्तकाकडं दुर्लक्ष करतो. मी मिस्त्री आहे म्हणून सांगतो, सुटी करून दाखवलेली आकृती त्याच पुस्तकात सगळ्यात चांगली असते.

रशियन पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडा. छपाईला मंजुरी कधी मिळाली ती तारीख, फॉर्म, म्हणजे छपाईचे ताव, किती, ऑर्डर नंबर काय, सगळं तिथं बारीक अक्षरात असतं. फौजेत वाटायच्या पुस्तकावर किमतीच्या जागी 'मोफत' असं छापलेलं असतं. रशियन लिपीला घाबरू नका. इंग्रजी पीसारखं दिसतं ते 'र', एचसारखं दिसतं ते 'न', सीसारखं दिसतं ते 'स', बीसारखं दिसतं ते 'व'. रोज शेतातून आल्यावर अर्धा तास बसलात तर महिन्याभरात भागांची नावं वाचता येतात. बाकीचं मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो, पण तो यंत्रांच्या शब्दांत गोंधळतो, तेव्हा आकृतीवरून पडताळून घ्या.

वाळवी, ऊन आणि पाऊस

आपल्याकडं कागदाचे तीन शत्रू आणि तिघेही वर्षभर पाळीनं येतात. मे महिन्यात टिनाखाली कागद भाजून पिवळा पडतो, कडा मोडायला लागतात. पावसाळ्यात बुरशी. आणि काळ्या मातीतल्या घरात वाळवी बारमाही. लाकडी फळी नको, भिंतीला टेकलेलं काहीच नको. लोखंडी ट्रंक घ्या, विटांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. पोथी जशी बासनात बांधतात तसं प्रत्येक पुस्तक धुतलेल्या मांजरपाटात बांधा. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून तळाशी घाला, डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत कोपऱ्यांत ठेवा, कागदाला लागू देऊ नका.

पिना काढा. बोथट सुरीनं मागचे पाय उचलायचे, मग पुढून ओढायचं, आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवायचा. सेलोटेप कधीही लावू नका. चार-पाच उन्हाळ्यांत त्याचा डिंक पानात उतरतो आणि अक्षर घेऊन जातो.

सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी टाका. सोव्हिएत फौजेत टँक वर्षानुवर्षं उभे ठेवायची पद्धत होती, आणि त्यासाठी फटी बंद करून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवत. तीच युक्ती ट्रंकेला चालते. दाणे ओले झाले की रंग बदलतात. मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका आणि निळे दाणे घेऊ नका, नारिंगी घ्या.

ग्रीसचे डाग मात्र काढू नका. ज्या पानावर जास्त ग्रीस, ते पान टँकजवळ जास्त वेळा उघडलं गेलं होतं. ती माहिती पुसून टाकायची नसते.

पुस्तकात पोरगं कसं दिसतं

आता मुख्य गोष्ट. मॅन्युअल हातात घेतलं की इंजिन किती अश्वशक्तीचं हे सगळेच पाहतात. तुम्ही वेगळं पाहा. हे पुस्तक कुणाशी बोलतंय? तो माणूस फौजेत किती दिवस राहणार आहे? त्याला कोण शिकवणार आहे?

अमेरिकन मॅन्युअल थेट चालकाशी बोलतं. शर्मनच्या पुस्तकात निघण्यापूर्वी काय तपासायचं, चालताना काय, थांबल्यावर काय, परत आल्यावर काय, अशी चार वेळची कामं पायरीपायरीनं दिली आहेत. शेतावरून, दुकानातून, कारखान्यातून उचलून आणलेल्या पोराच्या हातात ते पुस्तक पडणार आणि शेजारी समजावणारा कुणी असेलच असं नाही, हे धरून ते लिहिलं आहे. १९५१ पासून तर अमेरिकन फौजेनं देखभालीसाठी 'पीएस' नावाचं चित्रमासिकच काढलं आणि त्याचं चित्रकाम विल आयस्नर या नावाजलेल्या चित्रकारानं वीस वर्षं सांभाळलं. युद्धात जर्मनांनीही तेच केलं. १९४३ च्या त्यांच्या टायगर टँकच्या पुस्तिकेत विनोदी चित्रं आणि यमकं आहेत. पोरगं कंटाळणार, झोप येणार, आणि तरी त्याला तेल तपासायला लावायचं आहे, हे दोन्ही फौजांना माहीत होतं.

पॅटनच्या पुस्तकात उलटं दिसतं. एम४७ या पॅटनमध्ये अंतर मोजायला दोन डोळ्यांनी खोली ओळखायचं यंत्र होतं. ते वापरायला डोळ्यांची तशी नैसर्गिक क्षमता लागते, जी प्रत्येकाकडं नसते, आणि शिवाय सराव लागतो. भरतीत जो येईल त्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर असं यंत्र अडचणीचं. पुढच्या पॅटनांत अमेरिकेनं ते बदलून दोन प्रतिमा जुळवायचं सोपं यंत्र घातलं. हा बदल दोन मॅन्युअलं शेजारी उघडून ठेवली की डोळ्यांनी दिसतो. एएमएक्स-१३ चं पुस्तकही असंच शेजारी ठेवून पाहा. तोफ आपोआप भरायला सहा-सहा गोळ्यांचे दोन ढोल आहेत, पण बारा गोळे संपले की ते ढोल बाहेरून भरावे लागतात. लढाई चालू असताना बाहेर कोण उतरणार, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

ब्रिटिश पुस्तकात सुरुवातीला दुरुस्त्यांच्या नोंदीचं पान असतं. दुरुस्तीची चिठ्ठी आली की ती कापून जागेवर चिकटवायची आणि पहिल्या पानावर तारीख घालून सही करायची. माझ्याकडच्या सेंचुरियनच्या प्रतीत या नोंदी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. एक अक्षर वळणदार, शाईचं, बराच काळ टिकलेलं. बाकीची पेन्सिलीतली, थोडा काळ दिसतात आणि जातात. ब्रिटनमध्ये तेव्हा नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी होती, १९५० पासून दोन वर्षांची, आणि त्यातला शेवटचा शिपाई १९६३ मध्ये घरी गेला. ते वळणदार अक्षर कायम नोकरीतल्या एखाद्या कारकुनाचं असावं आणि पेन्सिलवाले येणारे-जाणारे, असा माझा अंदाज आहे. हे पान मी तासन्‌तास पाहिलं आहे. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात ती फौज मला इतकी स्पष्ट दिसली नाही.

सोव्हिएत पुस्तकांवर जास्त वेळ द्या, कारण आमची हयात त्याच यंत्रांवर गेली. १९६७ च्या कायद्यानं तिथं भूदलाची सक्तीची नोकरी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. वसंतात एक भरती, शरदात दुसरी. चालक होणारा पोरगा सहाएक महिने शिकवणीच्या रेजिमेंटमध्ये काढायचा, म्हणजे टँकवर उरायचं दीड वर्ष. त्याचा सार्जंटही त्याच्याच वयाचा, तोही सक्तीचाच, तोही दोन वर्षांनी घरी जाणार. आपल्याकडं पंधरा-वीस वर्षं यंत्र हाताळलेला जो दफेदार किंवा हवालदार असतो, ज्याला आपण उस्ताद म्हणतो, तो तिथं जवळजवळ नव्हताच. म्हणून पुस्तक अधिकाऱ्याशी बोलतं आणि अधिकारी पोराला पायऱ्या पाठ करायला लावतो. प्रत्येक प्रकरणात 'मनाई आहे' अशी वाक्यं ठळक. टी-५५ सुरू करायचं पान पाहा. आधी तेलाचा पंप दाबून काटा ठरलेल्या आकड्यावर येऊ द्यायचा, मगच स्टार्ट. तसं न करता सुरू केलं तर बेअरिंग कोरड्यावर फिरतात. आमचे उस्ताद हे कारण इंजिन उघडून, घासलेलं बेअरिंग तळहातावर ठेवून समजवायचे. तिथल्या पोराकडं तेवढा वेळ नव्हता. त्याला पायरी चुकवायची नाही, एवढंच पक्कं करून दिलं जायचं, आणि टँकही त्या बेतानं बनवलेला होता.

टँक शिकायला म्हणून थोडे चालवायचे आणि बाकीचे झाकून ठेवायचे, हीही त्यांची पद्धत. म्हणून त्यांच्या पुस्तकांत साठवणुकीवर आणि हिवाळ्यावर पानंच्या पानं आहेत. आपल्याकडं बाहेर ४५ अंश असताना इंजिन गरम करून घ्यायच्या सूचना वाचताना सुरुवातीला विचित्र वाटतं, पण ती पानं वगळू नका. ती फौज कुठं लढायची तयारी करत होती, ते तिथंच कळतं.

आणि समास पाहा. माझ्याकडच्या एका रशियन पुस्तकात मागच्या कव्हरच्या आत, घडीजवळ, टोकदार पेन्सिलीनं कोरल्यासारखी तीन अक्षरं आहेत, दे-एम-बे, आणि पुढं साल. नोकरीतून सुटण्याच्या शब्दाचं ते संक्षिप्त रूप. सोव्हिएत शिपाई ते भिंतींवर, बाकांवर, झाडांवर कोरायचे. पेन्सिल इतकी दाबली आहे की कव्हरच्या बाहेरच्या बाजूनं अक्षरं उलटी चाचपता येतात. विकणाऱ्यानं या रेघोट्यांमुळं भाव कमी केला होता. मला विचाराल तर अशा प्रतीला जास्त भाव द्यावा.

त्यावर गावात बोलायचं कसं

हे सगळं एकट्यानं वाचून अर्धंच कळतं. माझ्या शेडमध्ये सांजच्याला भरतीची तयारी करणारी पोरं येतात. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर १६०० मीटर काढणारी ही पोरं, वय निघून जाईल म्हणून झोप न लागणारी. त्यांना मी सक्तीच्या फौजांबद्दल आणि तिथली पोरं सुटायचे दिवस कशी मोजायची त्याबद्दल सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "काका, तिकडच्या पोट्ट्याइले धावा नाही लागत काय?"

म्हटलं, "नाही बाप्पा, त्याइले चिठ्ठीच येते घरी."

"मंग ते दिवस काहून मोजत व्हते?"

चर्चा इथून सुरू करा, दिवस मोजण्यापासून. सक्तीची फौज कोणत्याही देशाची असो, तिथं दिवस मोजले जातात आणि प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. पूर्व जर्मनीत १९६२ पासून अठरा महिन्यांची सक्ती होती. शेवटचे १५० दिवस उरले की शिपाई शिंप्याची टेप घ्यायचा आणि रोज एक सेंटिमीटर कापायचा. सोव्हिएत फौजेत संरक्षणमंत्र्याचा शिपायांना घरी सोडण्याचा आदेश निघायच्या आधीचे शंभर दिवस मोठे मानले जात. फिनलंडमध्ये आजही उरलेल्या सकाळी मोजतात. तिथं सेवा १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांची असते, तेव्हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ. सिंगापूरमध्ये सुटण्याच्या तारखेलाच स्वतःचं नाव आहे आणि पोरं ते ओरडून सांगतात. आमच्याकडं माणूस नोकरी पंधरा वर्षांच्या पुढं किती वाढेल हे मोजायचा. टेप कापलेली मला कुठं आठवत नाही.

मग वाईट बाजूवर या, आणि ती पूर्ण सांगा. सोव्हिएत फौजेत जुन्या भरतीची पोरं नव्या भरतीच्या पोरांना छळायची. कपडे धुऊन घेणं, जेवण काढून घेणं, मारहाण, त्यातून आत्महत्यासुद्धा. मागच्या भरतीनं सोसलं म्हणून ती पुढच्या भरतीवर काढायची, आणि मधे थांबवणारा मुरलेला हवालदार नाही. याला आपल्या ट्रेनिंगमधल्या रगड्याशी, म्हणजे शिक्षा म्हणून करवून घेतलेल्या अंगमेहनतीशी, जोडून मोकळं होऊ नका. रगडा उस्ताद देतो, उघड्या मैदानावर, आणि त्याला वर जाब देणारा कुणीतरी असतो. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, त्यावर वेगळ्या दिवशी बसा.

पारावर कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "सगळ्या पोट्ट्याइले दोन वर्स मिलटरीत धाडलं पाह्यजे, सुधरतीन." त्यांचा मान राखून, पण स्पष्ट उत्तर द्या. मी म्हणतो, "मामा, टँकचा चालक कामात मुरायला दोन वर्षं लागतात. मुरला त्या दिवशी तो घरी जाणार. मग तुमचा टँक कोण चालवीन?" इस्रायल, फिनलंड यांना सक्ती परवडते कारण लोकसंख्या लहान, शेजार अवघड आणि सुटलेल्या माणसाला पुढं वर्षानुवर्षं राखीव दलात बोलावतात. आपल्याकडं पहाटे धावणाऱ्या पोरांची रांग संपत नाही. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली ती स्वखुशीच्या भरतीनं. अग्निपथ २०२२ मध्ये आली, चार वर्षांची आणि पुढं २५ टक्क्यांपर्यंतच कायम, तेव्हा काहींनी तिला सक्तीच्या पंगतीत बसवलं. ती सक्ती नाही. पण कमी मुदतीचा शिपाई आणि अवघड यंत्र यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न मात्र जुन्या सोव्हिएत मॅन्युअलमधलाच आहे, आणि पोरांनी तो वाचून भरतीला जावं असं मला मनापासून वाटतं.

बोलायला बसताना टँक कोणता भारी हा विषय निघू देऊ नका, तो निघाला की रात्र त्यातच जाते. एक पान मधे ठेवा आणि त्या पानावरच बोला. जुन्या माणसाला किती मारले असं कधीही विचारू नका. लहान गोष्टी विचारा. टँकमध्ये पाणी कुठं ठेवायचे? साखळी तुटली तर आधी कोण उतरायचं? पत्र कोण वाचून दाखवायचं? अशा प्रश्नांनी गप्प बसलेली माणसंही बोलती होतात. सांगतात ते त्यांना विचारून वहीत उतरवा, तारीख घाला, आणि ज्या मॅन्युअलशी जुळतं त्याच्या ट्रंकेत ती वही ठेवा. आजच्या युनिटचं ठिकाण, आजचं सामान यातलं काही लिहू नका. सेंचुरियन आणि शर्मनवर ६५ साली ज्यांनी काम केलं ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, म्हणून पुस्तकाची ऑर्डर महिनाभर थांबली तरी चालेल, आधी त्यांच्या गावची एसटी धरा.